अकरावी खुर्ची

तीस वर्षं फुटबॉलच्या मैदानावर शिट्टी फुंकलेल्या पंचांचा कशावरच चटकन भरवसा बसत नसे. परदेशात आल्यापासून तर बाटलीचं सील स्वतः फोडल्याशिवाय त्यांनी घोटभर पाणी प्यायलं नव्हतं. त्यांचे धाकटे साडू अगदी उलट स्वभावाचे. समोर येईल ते आधी तोंडात टाकायचं आणि मग त्याचं नाव विचारायचं, अशी त्यांची देश बघण्याची रीत होती.

त्या दिवशी दोघी बहिणींना हॉटेलवर आराम हवा होता. सामना बघायला हे दोघेच निघाले. निघताना मेव्हणीने पंचांना बजावलं, "भाऊजी, यांची साखर वाढलीय. लक्ष ठेवा, आणि माणूस धड परत आणा." पंचांनी शब्द दिला.

मैदानाला लागूनच एक खानावळ होती. आत ओल्या लोकरीचा आणि उकळत्या हाडांचा वास कोंडला होता. लांब टेबलाशी यजमान संघ जेवत होता. लाल सदरे, गुडघ्यापर्यंत मोजे, पुढ्यात रस्सा आणि जाड कापलेला पाव. कोणी एकमेकांशी बोलत नव्हतं. मालकीण मोठ्या पळीने वाढत होती. या दोघांना बघून तिने लगेच दोन वाडगे पुढे केले. अनोळखी माणसांचा एवढा पाहुणचार कशासाठी, हे पंचांच्या मनात आलंच. त्यांनी वाडगा सरकवून ठेवला. साडूंनी दोन्ही संपवले.

सवय जात नाही. पंचांनी खेळाडू मोजले. दहा. खुर्च्या मात्र अकरा होत्या, आणि रिकाम्या खुर्चीसमोरही रस्सा वाफाळत होता.

पंचांनी भाषांतर करणारा फोन टेबलावर ठेवला. "तुमचा अकरावा कुठे आहे?"

मालकीण फोनकडे वाकून बोलली. फोनमधली बाई सपाट आवाजात म्हणाली, "तुम्ही दोघे आहात. कोणता?"

साडूंची फिरकी घ्यायची संधी पंच कधी सोडत नसत. त्यांनी साडूंच्या पाठीवर थाप मारली. "हा घ्या! खायला तरी पहिल्या नंबरचा आहे."

दहाही चमचे एकदम थांबले. मालकिणीने खुर्ची मागे ओढली. साडू खो खो हसत त्या खुर्चीवर जाऊन बसले.

पंचांना ते आवडलं नाही. पण आपणच केलेली चेष्टा, बोलणार काय?

पूर्वार्धात यजमान दहाच जण खेळले. प्रतिस्पर्ध्यांनी तक्रार केली नाही, प्रेक्षकही गप्प होते. साडू शेजारी बसून होते. त्यांना चेंडू गोल की चौकोनी याचंही एरवी सोयरसुतक नसायचं, पण आज त्यांची नजर चेंडूवरून हलत नव्हती.

"गोलरक्षक डावीकडे पडेल," ते पुटपुटले. तसंच झालं.

"तुम्हाला काय ठाऊक?"

साडूंनी उत्तर दिलं, पण ते तिथल्या भाषेत. पंच ताडकन उठले. "चला, पुरे झालं. निघू या."

"हात धुऊन येतो," साडू म्हणाले. हे मात्र मराठीत.

मध्यंतर संपलं. साडूंची जागा रिकामीच राहिली. पंचांनी मैदानाकडे बघितलं आणि मोजलं. पुन्हा मोजलं.

अकरा.

जिना चढताना दोनदा थांबणारा माणूस डाव्या बगलेवरून सुसाट धावत होता. लाल सदऱ्याखाली पोट तेच, टक्कल तेच. पंच कडेच्या रेषेपाशी धावले. "साडूबुवा! अहो, वेड लागलं का? बाहेर या!"

साडूंनी वळून बघितलं. एखाद्या परक्या म्हाताऱ्याने हाक मारावी तसं अदबीने किंचित हसले आणि चेंडूमागे गेले. सामन्याच्या पंचाने बोट दाखवून यांना रेषेमागे हटवलं. आयुष्यभर पंचांनीही लोकांना असंच हटवलं होतं.

शेवटची शिट्टी झाली तशी पंच धावतच खानावळीत शिरले. अकराही जण जागेवर होते. मालकीण साडूंच्या मानेवरचा घाम फडक्याने पुसत होती.

पंचांनी त्यांचं मनगट धरलं. ते गार होतं. "माझं चुकलं. चेष्टा केली मी. चला घरी."

साडू मालकिणीकडे बघून काहीतरी बोलले.

हातातल्या फोनने भाषांतर केलं. "हे गृहस्थ कोणाला शोधत आहेत?"

पंचांचे डोळे भरून आले. मेव्हणीला आता काय तोंड दाखवायचं?

तेवढ्यात फोन वाजला. तीच होती.

"भाऊजी, राहिलात कुठे? हे तर केव्हाचे आलेत." तिच्या आवाजात हसू होतं. "आल्याबरोबर माझा हात धरून रडले हो. किती वर्षांनी बाहेर पडलो, म्हणाले. काय पाजलंत यांना?"

पंचांनी समोर बघितलं. साडू शांतपणे रश्शात पाव बुडवत होते.

"ताईला जवळ बोलाव," पंच कसेबसे म्हणाले.

"ताई इथेच आहे. चेष्टा चाललीय यांची, दुसरं काय." मग तिचा आवाज जरा खाली आला. "मघापासून एकच विचारतायत. आपल्याला मुलं किती."