खालची बालवाडी, वरची बालवाडी

वर्गात गुडघे टेकून तो एका इवल्याशा खुर्चीची उंची मोजीत होता, तोच मागून मंजुळ परंतु करारी स्वर आला.

"त्यात तुम्ही मावणार नाही."

त्याने वळून पाहिले. दारात बालवाडीच्या बाई उभ्या होत्या. बोटांना निळा रंग, आणि ओठांत दाबून धरलेले हसू...

"मी सुतार आहे," तो गडबडून म्हणाला. "ताईला दवाखान्याच्या नोकरीतून सवड नाही. भाचीसाठी दोन्ही सरकारी बालवाड्या पाहून शनिवारपर्यंत कळवायचं आहे. एक ही, एक टेकडीवरची."

"खुर्चीला विचारून झालं असेल, तर मला विचारा."

त्याने विचारले. सोमवारी खिडक्यांविषयी, मंगळवारी दाराच्या कडीविषयी. बुधवारी भाचीलाही आणले. गुरुवारी त्याने विचारले, रडणाऱ्या मुलाला तुम्ही गप्प कसे करता?

"करत नाही. शेजारी बसून राहते. मग कधी तरी दोघंही कंटाळतो."

या उत्तराने त्याच्या अंतःकरणात जे झाले, ते लिहिण्यास त्याच्या वहीत रकाना नव्हता.

शुक्रवारी तिने ती वही मागितली. खालच्या बालवाडीची चार पाने भरली होती. वरच्या बालवाडीच्या वाट्याला दोन ओळी.

"वर किती वेळा गेलात?"

"एकदा... शाळा सुटल्यावर."

"आणि ताईला काय कळवणार?"

"खालची उत्तम."

तिचे हसू मावळले. "बुधवारी पोरीनं तासभर तुमचा पाय सोडला नाही. ते लिहिलंत?"

त्याने वही मिटली.

"शाळेत तिला बसायचं आहे, तुम्हाला नाही. उद्या तिला वर घेऊन जा."

शनिवारी सकाळी तो भाचीसह टेकडी चढला. वरच्या अंगणात वाळूचा हौद होता. भाची एका अनोळखी मुलीशेजारी बसली, डब्यात वाळू भरू लागली, आणि थोड्या वेळाने मान वर न करताच म्हणाली, "मामा, तू जा आता."

त्याला अतीव आनंद झाला, आणि तितकेच वाईटही वाटले. तेथल्या बाईंनी मुलीला सुटीपर्यंत ठेवून घेतले. फाटकाशी उभा राहून त्याने ताईला फोन केला आणि खरे तेच सांगितले.

खाली आला तेव्हा ती आपल्या बालवाडीच्या दाराला कुलूप लावीत होती.

"वरची," तो म्हणाला.

"वाटलंच होतं मला."

"म्हणजे... इथं यायला आता मला कारण उरलं नाही. तसा मी पाच दिवस खुर्च्यांसाठी येत नव्हतो."

"ठाऊक आहे. खुर्च्या बाराच आहेत."

तो मान खाली घालून हसला. तीही.

"भाची कुठाय?" तिने विचारले.

"वरच. बाराला सुटेल."

"आमची साडेअकराला सुटते." तिने कुलूप ओढून पाहिले, किल्ली पिशवीत टाकली आणि टेकडीच्या वाटेला लागली. "चला की. रोजची चढण आहे, आजपासूनच सवय करू."