मोरीतल्या मुंग्या

गंगुबाईंनी रुमालाची गाठ सोडली आणि आतलं बाटलीचं झाकण टेबलावर ठेवलं. झाकणात पांढरी पावडर काठोकाठ भरलेली होती.

"ह्या बघ वीख," त्या म्हणाल्या. "हिनाच माझ्या चेडवाक, माझ्या नातीक, खाव घातल्यान."

सरोजिनी पेडणेकरांनी चष्मा चढवला. फौजदार म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. तरी करी रोडच्या त्या चाळीत नळावरच्या भांडणापासून हरवलेल्या मांजरापर्यंतच्या फिर्यादी अजून त्यांच्याच दारात यायच्या. एरवी त्या चहा पाजून निम्म्या फिर्यादी जागेवर मिटवत. आज त्यांना चहा ठेवायचंही सुचलं नाही.

खालच्या मजल्यावरची पूर्वी घाडीगावकर परवा गेली होती. नुकतीच सातवीत गेलेली मुलगी. सकाळी ओकायला लागली, दुपारी धापा टाकायला लागली आणि टॅक्सी हॉस्पिटलला पोचेपर्यंत संपली. शवविच्छेदन झालं होतं, पण विषाचा अहवाल यायला वेळ होता. आजीला, म्हणजे गंगुबाईंना, तेवढा धीर नव्हता. संध्याकाळी सुनेविरुद्ध पोलिसांत तक्रार द्यायची, हे त्यांनी पक्कं केलं होतं. सून दर्शना ही त्या मुलीची सावत्र आई.

चाळीने तर निकाल देऊनही टाकला होता. सावत्र म्हटलं की चाळीला अहवाल लागत नाही.

"तू काय बघितलंस ते सांग," सरोजिनीताई म्हणाल्या.

"पिठीसाखरेत पावडर कालवल्यान. माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"कशाला म्हणाली?"

"मुंग्यांका मारूक. मोरीत मुंग्या येयत होते, ता खरा. पण चेडवाच्या तोंडाक गोड वास मारी होतो गो. पिकल्या फळासारो. साखर खाल्ल्याशिवाय खयसून येतलो?"

"त्याआधी ती बरी होती?"

"खयची बरी! वाळून काडी झाला. ही खाव घालीत नाय होती. सारखी तहान तहान. उन्हाळो बाधलो म्हणान मी ग्लुकोजचा पाणी देय होतंय. केमिस्टाकडसून माझ्या हातान डबो आणलंय. एवढो जीव लावलंय..."

सरोजिनीताईंनी ते झाकण उचललं. साखर आणि पावडर सुकून दगड झाली होती. वरचा थर अगदी गुळगुळीत होता, बोटाचा ओरखडासुद्धा नव्हता. ते खाली ठेवून त्या जिना उतरल्या.

खाली गॅलरीत दर्शना भिंतीला टेकून बसली होती. शेजारी तिच्या कपड्यांची बॅग. नवऱ्याने, निलेशने, ती सकाळीच दाराबाहेर ठेवली होती.

"पावडर किती घातलीस?"

"निम्मी साखर, निम्मी बोरिक पावडर." तिचा आवाज पार बसला होता. "जास्त घातली की लवकर मरतील, असं वाटलं. तर मेल्या तोंडच लावेनात. खडूच्या रेघा मारल्या, फिनेल टाकलं. सकाळी परत मोरीत हजर."

"मोरीत खरकटं असायचं?"

"मावशी, मोरी मी घासून घासून झिजवलीय. डबे घट्ट लावलेले. तरी तिथेच यायच्या."

"पोर जेवत नव्हती म्हणे?"

"उलट डबल जेवायची! तरी अंगाला लागत नव्हतं. आई म्हणतात मी उपाशी ठेवलं."

"रात्री झोपायची नीट?"

दर्शनाने गॅलरीच्या टोकाकडे पाहिलं. "सारखी उठायची. संडास गॅलरीच्या टोकाला, अंधारात घाबरायची. मीच म्हटलं, मोरीत बस."

"आता मुंग्या आहेत?"

"मोरीत नाहीत. ती गेली आणि त्याही गेल्या."

सरोजिनीताई आत गेल्या. निलेश जमिनीकडे बघत बसला होता. त्याने मान वर केली नाही. मोरी कोरडी ठणठणीत होती. मुंग्यांबद्दलचं दर्शनाचं म्हणणं मात्र अर्धंच खरं होतं. भिंतीच्या कडेने एक बारीक रांग चालली होती. वाटेत पावडरीचं दुसरं झाकण होतं, त्याला वळसा घालून ती रांग कॉटखाली जात होती. गुडघे कुरकुरत असतानाही सरोजिनीताई खाली वाकल्या. पत्र्याच्या ट्रंकेमागे घडी घालून कोंबलेली एक लहान गोधडी होती. ओली होऊन वाळलेली, मधोमध डाग पडलेली. मुंग्यांनी ती काळी करून टाकली होती.

एवढी मोठी मुलगी अंथरूण ओलं करते, हे कुणाला कळू नये म्हणून तिने लपवली असणार. सरोजिनीताई खून पाहिलेली बाई, पण त्या घडीकडे त्यांना बघवेना.

त्यांनी गॅलरीत येऊन फोन लावला. त्यांच्या हाताखाली तयार झालेला जगदीश आता इथल्याच पोलीस ठाण्यात होता.

"जगदीश, डॉक्टरांना सांग, विष शोधता आहात ते शोधा, पण ठेवलेल्या नमुन्यांत आधी साखर बघा. आजच्या आज."

गंगुबाई तक्रारीला निघायला पदर सावरत होत्या, तेवढ्यात जगदीशचा फोन आला. सरोजिनीताईंनी फक्त ऐकून घेतलं. मग निलेशला आणि गंगुबाईंना समोर बसवलं. दर्शनाला आत यायचा धीर नव्हता. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"पूर्वीला कुणी विष घातलं नाही," सरोजिनीताई म्हणाल्या. "झाकण भरलेलं आहे, त्याला कुणी हात लावलेला नाही. पावडर इतकी जास्त झाली की मुंग्यांनीसुद्धा सोडली. पण मग साखर टाकून त्या घासलेल्या मोरीत काय चाटत होत्या?"

निलेशने मान वर केली, तशा त्या पुढे बोलू लागल्या.

"पोरीला साखरेचा आजार होता. लहानांनाही होतो, आणि होतो तेव्हा झपाट्याने होतो. साखर अंगी लागत नाही, लघवीतून जाते. म्हणून सारखी तहान, म्हणून रात्री उठणं, म्हणून दुप्पट जेवूनही वाळणं. मुंग्या तिथे येत होत्या. मोरी धुतली गेली, तशा त्या ट्रंकेमागच्या गोधडीवर गेल्या. आणि तोंडाचा तो गोड वास साखर खाल्ल्याचा नव्हता, गंगुबाय. आजार हाताबाहेर गेला की तो येतो. डॉक्टरांनी आता तपासलं. साखर भयंकर वाढलेली होती."

निलेशने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मग... दोष कुणाचा, मावशी?"

"आजाराचा. आपण सगळे मुंग्या कशा जातील ते बघत बसलो, का येतात ते कुणीच विचारलं नाही."

एक गोष्ट सरोजिनीताईंनी मुद्दाम गाळली होती. पण गंगुबाई काही खुळ्या नव्हत्या. त्या सावकाश उठल्या. फळीवरचा ग्लुकोजचा डबा त्यांनी खाली काढला आणि पोटाशी धरला.

"साखरेचो आजार," त्या म्हणाल्या. "आणि मी रोज ह्या देय होतंय. मागला की देय होतंय. मगे मीच मारलंय गो तेका?"

डब्याने आजार झाला नव्हता, पण त्याने आगीत तेल ओतलं होतं, हे सरोजिनीताईंना कळत होतं.

दर्शना उंबरा ओलांडून आत आली. सासूच्या हातातला डबा तिने हळूच सोडवून घेतला.

"डबा मी आणलेला, आई. मीच म्हटलं तुम्हाला, पूर्वीला द्या म्हणून. तुम्ही विसरलात."

गंगुबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. सरोजिनीताईंना सकाळचा शब्द न् शब्द आठवत होता. केमिस्टाकडसून, माझ्या हातान. दर्शनाने सरोजिनीताईंकडे एकदाच पाहिलं. आयुष्यभर खोट्या जबान्या फाडत आलेल्या त्या बाईने चष्मा काढून हातात घेतला.

"हो," त्या म्हणाल्या. "आणताना मी पाहिलं होतं हिला."

निलेश उठला आणि बाहेरची बॅग आत घेऊन आला. गंगुबाईंनी सुनेचा हात धरला, सकाळी ज्या हातावर विषाचा आळ घेतला होता तोच. त्यांच्या तोंडून जे निघालं ते माफीचं नव्हतं.

"तहान लागली होती गो तेका," त्या म्हणाल्या.