शिवणाच्या खोलीतला दिवा

एक्क्याऐंशी सालची गोष्ट. यात माझ्या पदरचं काही नाही. धाकट्या काकूनं जसं सांगितलं, तसं सांगते.

भुतं रात्रीची येतात म्हणे. हे भरदुपारी घडलं.

धाकटी काकू म्हणजे माझ्या काकांची दुसरी बायको. थोरली वारली आणि ही त्याच घरात आली. थोरलीचे पडदे, थोरलीच्या बरण्या. शेजारणी येता-जाता म्हणायच्या, "थोरलीचा हातच वेगळा हो!"

मेलेल्या सवतीशी भांडणार तरी कसं? ती उलटून बोलत नाही. आणि चुकतही नाही.

थोरली मागच्या खोलीत कपडे शिवायची. काकूनं आल्या आल्या मशीन देऊन टाकलं, खोलीत अडगळ भरली, वरचा बल्बसुद्धा काढून फडताळात टाकला. तरी जिवाला चैन नाही. "हे घर विका, नाहीतर मला माहेरी पोचवा," असा धोशा लावला. शेवटी काका कबूल झाले.

गिऱ्हाईक मिळालं. त्याची अट एकच. आधी वायरिंग तपासून द्यायची, मगच सही.

वायरमन आला. या घरात तो पहिल्यांदाच येत होता. व्हरांड्यातल्या बोर्डापाशी उभा राहिला. काका शेजारी खुर्चीत.

"बाई, सगळी बटणं चालू करा आणि आत थांबा. मी एकेक फ्यूज काढतो. कुठला दिवा गेला ते ओरडून सांगा."

काकू आत गेली.

"गेला का?"

"स्वयंपाकघरातला गेला!"

"आता?"

"बैठकीतला!"

इतक्यात मागच्या अंगणात वाळत घातलेली चादर वाऱ्यानं खाली पडली. काकू ती उचलायला धावली. परत येऊन पायरीवर पाय ठेवते, तोच...

"गेला का?"

आतून उत्तर आलं...

"शिवणाच्या खोलीतला गेला हो."

बाईचा आवाज. मोकळा, हसरा.

काकू तर बाहेर होती. घरात दुसरी बाई नव्हती.

आणि त्या खोलीला तसं म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं.

वायरमन म्हणाला, "आत्ता कुठे बाई नीट बोलल्या. मघापासून खेकसत होत्या."

काकांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला...

मग ते हळूच म्हणाले, "तो फ्यूज बसवून... पुन्हा एकदा काढता का?"

काकू सांगते, "तेव्हा मला भीती नाही गं वाटली. अंगाचा तिळपापड झाला. इतक्या मऊ आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते."

"गेला का?"

घर चिडीचूप.

आत कुणीतरी श्वास घेतला. बोलायच्या आधी घेतात, तसा...

"गेला!" काकू जीव खाऊन ओरडली. "अडगळीच्या खोलीतला गेला!"

तशीच चादर घेऊन ती त्या खोलीत शिरली. सामान जिथल्या तिथे. वर पाहिलं...

होल्डरमध्ये बल्ब होता.

तिनं पेटीवर चढून हात लावला. चटका बसला.

व्हरांड्यात काका उभे होते. समोरचं ताट कुणी ओढून न्यावं, तसा चेहरा.

वायरिंगमध्ये दोष निघाला नाही. घर विकलं गेलं. वायरमन पुढे परगावी गेला, त्याला यातलं काही कळलंच नाही. घर घेणाऱ्यांच्या सुनेला पूर्वी साधं बटण लावता येत नव्हतं. आता ती मागच्या खोलीत बसून गावाचे कपडे शिवते म्हणे.

काका नव्या घरात पुष्कळ जगले. वीज गेली की अंधारात विचारायचे, "गेला का?" आणि कान देऊन बसायचे. काकू हातातलं टाकून धावायची. पहिलं उत्तर तिचंच गेलं पाहिजे.

काकांना जाऊनही वर्षं झाली. काकू नव्वदीला टेकलीय, एकटीच राहते. मध्यंतरी तिच्याकडे गेले होते. गप्पा मारता मारता वीज गेली.

"गेला!" काकू झटकन म्हणाली.

"अगं, विचारलं कुणी?"

ती माझ्याकडे वळली.

"तुला ऐकू नाही आलं? बरं झालं," ती म्हणाली. "माझ्याआधी उत्तर दिलं असतंस."