चकाकणारी चोच

हत्यारं बनवणाऱ्याची बायको दारात उभी राहिली, तेव्हा भाऊजी चहात बिस्कीट बुडवत होते. ते तुटून कपात पडलं.

"जरा जास्तच बुडवलंत," मेव्हणी म्हणाली आणि तिने पाहुणीला खुर्ची दिली.

खासगी तपासाचं हे ऑफिस मेव्हणीचं. भाऊजी निवृत्त झाल्यापासून रोज मदतीला येत. त्यांची मदत म्हणजे दिसेल त्याच्यावर संशय घेणं. आजवर एकही संशय खरा ठरला नव्हता, पण त्यामुळे त्यांचा उत्साह कमी झालेला नव्हता.

बाईंनी फडक्यातून दोन बर्फकुऱ्हाडी काढून टेबलावर ठेवल्या. गोठलेल्या धबधब्यावर चढताना दोन हातांत दोन घ्यायच्या आणि चोच बर्फात रुतवून लटकायचं, अशी ती हत्यारं. एकीची चोच अर्ध्यातून तुटली होती.

"ह्यांनी यंदा पोलाद बदललं, ताई. क्रोमियम-मॉलिब्डेनमचं घेतलं, जास्त कडक. चोच लवकर बोथट होऊ नये म्हणून. आणि ही तुटून एक मुलगी पडली. दोन्ही पाय मोडलेत तिचे."

"चालू शकेल ना?"

"डॉक्टर म्हणतात चालेल, पण वेळ लागेल. तिचे वडील म्हणतात पोलाद कच्चं होतं. त्यांना म्हणू दे हो, बापाचं काळीज आहे. पण आमचे हेसुद्धा तेच धरून बसलेत. कुऱ्हाडींना हात लावत नाहीत. भट्टी विझवलीय. 'मीच पाडलं तिला', एवढंच बोलतात." बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

मेव्हणीने भिंग काढलं. धड असलेली चोच काळपट होती, तिच्यावर गंजाचे ठिपके होते. तुटलेली मात्र लख्ख होती. ठोकून उमटवलेल्या शिक्क्याच्या बारीक खाचांतसुद्धा गंजाचा कण नव्हता. तुटल्या जागी पोलाद खडीसाखरेसारखं दाणेदार दिसत होतं. वाक जराही नव्हता.

कारखान्यात हत्यारवाला थंड भट्टीशेजारी बसला होता.

"कडकपणाच्या नादी लागलो," तो म्हणाला. "मऊ पोलाद वाकलं असतं, पण पोरगी पडली नसती."

"दोन्ही चोची एकाच पोलादाच्या?"

"एकाच पट्टीतल्या. पाणीही एकाच वेळी दिलं. आधी लालबुंद तापवून तेलात विझवल्या, मग पुन्हा मंद आचेवर शेकल्या."

मेव्हणीने धड चोच टेबलावरच्या पकडीत आवळायला लावली आणि कुऱ्हाडीच्या दांड्यावर लांब पाइप चढवला. "भाऊजी, लटका."

भाऊजी लटकले. चोच वाकली, आणि ते उतरताच सरळ झाली.

"तुमचं वजन पेललं, म्हणजे पोलाद कच्चं नाही," मेव्हणी म्हणाली.

भाऊजींना हे लागलं. पण हत्यारवाल्याने पहिल्यांदाच मान वर केली. "मग दुसरी का तुटली?"

मुलीचा चढाईतला जोडीदार सरावाच्या भिंतीपाशी भेटला. त्या दिवशी खाली दोर धरून तोच उभा होता, पण दोर ताणला जाईपर्यंत ती खालच्या बर्फावर आदळली होती.

"धड राहिलेली कुऱ्हाड माझ्याकडे होती," तो म्हणाला. "मी धार लावायला आणली होती. हातातल्या कानशीनेच लावली. मशीनवर लावली तर पोलाद तापून त्याचं पाणी उतरतं."

"आणि दुसरी?"

"तिच्या घरीच होती. निघताना बघतो तर आरशासारखी. मी चेष्टा केली, तर म्हणाली, घरातल्या लाडाचा परिणाम."

"तुटली ती घाव घालताना?"

"नाही. घाव छान बसला होता. ती नुसती लटकून दम खात होती. मध्येच कट्‌ असा आवाज आला."

बाहेर पडताच भाऊजी कुजबुजले, "हाच तो! स्वतःकडची बरोब्बर धड ठेवली."

"आणि ती पडल्यावर रात्रंदिवस दवाखान्यात कोण बसलं होतं? तोच ना?" मेव्हणी म्हणाली.

मुलीचे वडील एकटेच घरी होते. दारांच्या कड्या, नळ, खिडक्यांचे गज, सगळं चकाकत होतं. नळात भाऊजींना स्वतःचं टक्कल स्पष्ट दिसलं. गॅलरीच्या फरशीवर मात्र बादलीएवढं पांढरं कडं उमटलं होतं आणि तिथलं सिमेंट भुसभुशीत झालं होतं. वडिलांच्या शर्टाच्या बाहीला बारीक बारीक भोकं होती.

"गंज दिसला की मला चैन पडत नाही," ते म्हणाले. "तिची आई गेल्यापासून पोरीचं सगळं मीच बघतो. त्या माणसाला मी सोडणार नाही. आणखी कुणाची लेक पडायला नको."

जिना उतरताना मेव्हणी मधेच थांबली. "भाऊजी, कोडं सुटलं. पण हे सांगायचं कसं, ते कळत नाहीये."

दुपारी दवाखान्यात सगळे जमले. मुलीचे दोन्ही पाय प्लास्टरमध्ये होते. हत्यारवाला दाराशीच उभा राहिला, वडिलांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. मेव्हणीने वडिलांना आधी खुर्चीत बसवलं.

"काका, चोचीवरचा गंज तुम्ही कशाने काढलात?"

"ॲसिडने. तिला न सांगता. रात्रभर बादलीत बुडवून ठेवली," वडील अभिमानाने म्हणाले. "कणभर राहू दिला नाही."

हत्यारवाला दारातून एक पाऊल आत आला. "अरे देवा."

"तुम्हीच सांगा त्यांना," मेव्हणी हळूच म्हणाली.

"ॲसिड गंज खातं, मग पोलाद खायला लागतं. त्यातून हायड्रोजन सुटतो आणि पोलादात शिरतो. मऊ पोलाद ते सोसतं. कडक पोलाद आतून ठिसूळ होतं. लगेच तुटत नाही. वजन टांगलेलं राहिलं की तुटतं."

"शिक्क्याच्या खाचांत कानस जात नाही, घासायचा कागद जात नाही," मेव्हणी म्हणाली. "तिथला गंज फक्त पातळ काहीतरीच काढू शकतं. मग गॅलरीतलं कडं दिसलं, बाहीची भोकं दिसली. एकाच पट्टीतली दुसरी चोच भाऊजींना पुरून उरली. फरक एकच होता, बादली."

भाऊजींना कपात पडलेलं बिस्कीट आठवलं.

वडील आपल्या हातांकडे बघत राहिले. "म्हणजे मी..."

"बाबा, इकडे या," मुलगी म्हणाली. ते हलले नाहीत, तेव्हा तिने हात लांब करून त्यांची भोकं पडलेली बाही ओढली. "पंधरा वर्षं माझे बूटसुद्धा तुम्हीच पुसलेत. त्यातलं एक पुसणं चुकलं."

वडील तिच्या उशाशी डोकं टेकून लहान मुलासारखे रडले.

"चूक माझीही आहे," हत्यारवाला पुढे येत म्हणाला. "आमच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला वाटलं, घरात कोण कुऱ्हाड ॲसिडात घालणार? विकताना सांगायला हवं होतं. आता प्रत्येकाला सांगेन." तो मुलीकडे वळला. "तू उभी राहिलीस की नवी चोच देतो. त्याच पोलादाची."

"मग भट्टी पेटवायला हवी," त्याची बायको म्हणाली.

"आजच पेटवतो."

वडिलांनी डोळे पुसले आणि त्याच्याकडे तोंड वळवलं. "मी तुम्हाला नाही नाही ते बोललो. आणि गंज? तो कसा घालवायचा?"

"कोरड्या फडक्याने पुसायचं, तेलाचा हात फिरवायचा. थोडासा राहिला तरी चालतो."

हत्यारवाल्याने धड राहिलेली कुऱ्हाड त्यांच्या हातात दिली. वडिलांनी खिशातून रुमाल काढला आणि चोच हळूहळू पुसली. गंजाचा एक ठिपका तरीही राहिला. त्यांचा अंगठा त्याच्यावर थोडा वेळ रेंगाळला. मग त्यांनी रुमालाची घडी घातली आणि तो खिशात ठेवून दिला.