दीड बोट पाणी

होडी तीन दिवस भिजत घालायची, एवढंच काम होतं. एवारिस्तोमामाने सकाळी ‘माते’ नावाच्या पानांच्या काढ्याचा कडू घोट घेता घेता ते लिसांद्रोला सांगितलं, कोपऱ्यावरून पाव आण म्हणावं इतक्या सहज. रविवारी मासेमारीचा हंगाम उघडणार होता. ओविदियोची होडी वर्षभर शेडमध्ये वाळत पडली ते पुरे झालं, आता ती पाण्यात घालू आणि पुन्हा सामन-ट्राउट माशांच्या मागे जाऊ, असं मामाने ठरवलं होतं. ती होडी मामानेच बांधलेली, सिप्रेसच्या लाकडाची. तिचं असं कोरडं पडणं त्याला बघवत नव्हतं.

लाकडी होडी कोरडी पडली की फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. म्हणून सरोवरात नेण्याआधी तिला जमिनीवर ठोकळ्यांवर ठेवायची आणि आतून पाण्याने भरायची. पहिल्या दिवशी ती चाळणीसारखी गळते, दुसऱ्या दिवशी ठिबकते, आणि तिसऱ्या दिवशी फळ्या फुगून एकमेकींना अशा धरतात की मुंगीलाही वाट राहत नाही. तीन दिवस म्हणजे तीनच दिवस. लाकडाला घाई कळत नाही, असं मामा म्हणायचा.

लिसांद्रोने ओढ्यावरून आलेला पाइप होडीत सोडला आणि बाजूला उभा राहिला. पाणी सगळीकडून गळू लागलं. तो आवाज त्याला ऐकवेना.

गेल्या वर्षी हेच काम ओविदियोने त्याला सांगितलं होतं. ओविदियो त्याचा थोरला भाऊ, त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा, अंगाने बैल. लिसांद्रोने पहिले दोन दिवस पाइपला हातही लावला नाही. गावात क्लबात नाच होता आणि तिथे एक मुलगी यायची होती. निघताना, हंगामाच्या आदल्या संध्याकाळी, त्याने होडी एकदा भरली आणि गेला. रात्री परतल्यावर ओविदियोने विचारलं, तीन दिवस भिजली ना रे बारक्या? तो म्हणाला, भिजली. ओविदियोने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि पहाटे एकटाच गेला.

त्या मासेमारीत होडी अगदी संथ चालवायची असते. मागे गळाच्या दोन काठ्यांवरून सोडलेल्या लांब दोऱ्या, त्यांच्या टोकांना पाण्यात खोलवर फिरणारे, माशाला भुलवणारे पितळी चमचे. माणसाचं सगळं लक्ष काठ्यांच्या टोकांवर असतं. पायाखालच्या फळ्यांखाली पाणी साचतंय हे लवकर कळत नाही. कळतं तेव्हा होडी जड झालेली असते आणि पश्चिमेचा वारा उठलेला असतो.

दुपारी होडी बेटाजवळ सापडली, काठोकाठ भरलेली. दोन्ही काठ्या जागेवर होत्या. दोऱ्या सरळ खाली गेल्या होत्या. ओविदियो सापडला नाही. नाउएल उआपी सरोवराचं पाणी इतकं गार आहे की खाली गेलेलं वर येत नाही.

होडीत दारूची एक रिकामी बाटली सापडली. धक्क्यावरचे लोक बोलू लागले, प्यायला असणार. चार वर्षांपूर्वी ओविदियोने आईचा हात धरून दारू सोडली होती. आईने लोकांचं ऐकून घेतलं. बुडालेल्याच्या नावाने काठावर छोटंसं घर बांधून त्यात दिवा ठेवतात, तेही तिने बांधू दिलं नाही. आईला दिलेला शब्द मोडून जो गेला त्याला कसलं घर, असं एकदाच म्हणाली. सरोवराकडच्या खिडकीला तिने पडदा लावला तो वर्षभर तसाच होता.

त्या बाटलीत इंजिनाचं तेल असायचं. लिसांद्रोला ते ठाऊक होतं, कारण तीत तेल तोच भरायचा. पण भाऊ प्यायला नव्हता असं म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार होता... मग होडी भरली कशी? म्हणून तो वर्षभर गप्प राहिला. मेलेल्या भावावर आळ येऊ दिला. रोज आईसमोर बसून तिने वाढलेलं जेवला.

शुक्रवारी सकाळी होडी जवळजवळ गळायची थांबली. मामाने सांगितल्याप्रमाणे लिसांद्रोने पाइप बंद केला आणि आतल्या फळीवर, पाणी होतं तिथे, पेन्सिलीने रेघ मारली. पाणी रेघेखाली उतरलं तर अजून गळतंय, न उतरलं तर होडी तयार, असा हिशोब. तासाभराने तो बघायला आला.

पाणी रेघेच्या वर गेलं होतं. दीड बोट.

त्याने पाइप पाहिला. बंद होता. वर पत्रा कोरडा होता आणि बाहेर ऊन पडलं होतं. त्याने मामाला बोलावून आणलं. मामा चष्मा पुसत आला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "रेघ मारायलासुद्धा शाळेत जावं लागतं, बारक्या." फळ्या फुगल्या की पाणी वर सरकतं, असं सांगून तो निघून गेला. लिसांद्रोला ते पटलं. पण जेवून आला तर पाणी पुन्हा बरोबर रेघेवर होतं, आणि होडीखालची माती कोरडी होती.

फळ्या फुगतात. तासाभरात परत आकसत नाहीत.

त्याला एक विचार आला, आणि विचार आला की लिसांद्रोला थांबता येत नसे. त्याने बूट काढले आणि कपड्यांसकट होडीत उतरला. बर्फासारख्या पाण्यात मानेपर्यंत आडवा झाला. दात वाजत असताना त्याने मान वळवून रेघेकडे पाहिलं. त्याच्या अंगाने पाणी एक बोट वर चढलं होतं.

एकच बोट. ओविदियो त्याच्या दीडपट होता.

शनिवारी उजाडल्यावर तो शेडमध्ये गेला आणि होडीच्या कडेला हात ठेवून उभा राहिला. बाहेर धुकं होतं. दारातून पांढरा, सावली न पाडणारा उजेड येत होता. पाणी काचेसारखं स्थिर होतं. बराच वेळ काही झालं नाही. मग त्याला ओल्या लोकरीचा वास आला, आणि त्यात पेट्रोलचा. मागचं, सुकाणूजवळचं बाकडं करकरलं. एकही तरंग न उठता पाणी रेघेवर चढू लागलं... हळूहळू, थंडीत माणूस दमादमाने अंघोळीला बसतो तसं. दीड बोटावर येऊन थांबलं.

त्याच्या हाताखालची कड किंचित थरथरत होती.

"दादा..." तो पुटपुटला. "मी सांगतो तिला. आत्ता सांगतो. तू... तू बस."

स्वयंपाकघरात आई तळणीत कणकेचे तुकडे सोडत होती. तिचं नाव सुलेमा. वर्षभरात ती फार वाळली होती. तो दारातच उभा राहिला आणि एका दमात बोलून गेला. तीन दिवस नाही, एकच संध्याकाळ भिजवली होती. खोटं बोललो. बाटलीत तेल होतं. मीच भरलं होतं.

आईने झारा खाली ठेवला. तेलात तुकडे काळे पडत गेले.

"तो प्यायला नव्हता," ती म्हणाली. तो प्रश्न होता की नाही, लिसांद्रोला समजलं नाही. तरी तो म्हणाला, "नाही, आई."

तिने गॅस बंद केला, खुंटीवरची शाल घेतली आणि बाहेर पडली. मारेल, रडेल, हाकलून देईल, असं काहीतरी होईल म्हणून तो वाट पाहत राहिला होता. ती फक्त चालू लागली, शेडकडे, जिकडे ती वर्षभर फिरकली नव्हती.

मामाने तोवर बूच काढून होडी रिकामी केली होती. सुरेख घट्ट झालीय, नुसती पाण्यात घालून बघू, इंजिन उद्या लावू, असं म्हणून त्याने बूच परत ठोकून बसवलं. लाकडी रुळांवरून तिघांनी मिळून ती काठावर ढकलली. होडी पाण्यात शिरली, तरंगली, आणि एका बाजूला कलली. मागचा डावा कोपरा वीतभर खाली गेला होता. सुकाणू धरणारा तिथे बसतो.

मामा कपाळाला आठ्या घालून बघत राहिला. होडीत काहीच नव्हतं. त्याने कड दाबून पाहिली, खाली वाकून पाहिलं. "अशी नव्हती ही," तो म्हणाला. "मी तिला अशी नव्हती बांधली..."

"राहू दे, एवारिस्तो," आई म्हणाली. मग पहिल्यांदाच ती लिसांद्रोकडे वळली. तिचे डोळे कोरडे होते. "जा. पुढे बस. तोल सावरेल."

"आई..."

"एकटा गेला होता तो. जा."

तो चढला आणि पुढच्या बाकड्यावर, काठाकडे तोंड करून बसला. खरंच तोल सावरला. होडी सरळ झाली. आई गुडघाभर पाण्यात आली आणि दोन्ही हातांनी तिने होडी लोटली. मामा मागून म्हणाला, अगं सुलेमा, वल्ही नाहीत, इंजिन लावलेलं नाही. ती म्हणाली, "लागत नाही त्याला."

वारा काठाकडे वाहत होता. होडी वाऱ्याविरुद्ध निघाली. वेग फारसा नव्हता. मागे दोऱ्या सोडल्या असाव्यात इतकी सावकाश, पण न थांबता. लिसांद्रोच्या पायाखालच्या फळ्या कोरड्या होत्या, थेंबभर पाणी नव्हतं. त्याच्यासमोर मागचं बाकडं रिकामं होतं, त्यामागे पाण्याचा पट्टा रुंद होत चालला होता, आणि त्यापलीकडे आई उभी होती.

तिने हात वर केला. लिसांद्रोनेही केला. मग त्याच्या लक्षात आलं, ती त्याच्याकडे बघतच नव्हती. तिची नजर त्याच्या अलीकडेच, मागच्या बाकड्यावर थांबली होती, आणि ती हसत होती. मागे वळून पाहणाऱ्याला निरोप देताना आई हसते, तशी.