झुलाल सरांचं सेशन

दोंडाईच्याच्या एका कॉलेजातले वीस थिन क्लायंट उद्याच्या प्रॅक्टिकलआधी चालू करून द्यायचे, एवढंच काम होतं. धुळ्याहून निघतानाच हितेंद्र थकलेला होता. आठवड्यातलं हे पाचवं कॉलेज. ती खोकी तशी गरीब. त्यांच्यात काही साठत नाही, नुसतं चित्र दिसतं. सगळं चालतं धुळ्याच्या लिनक्स सर्व्हरवर. इथे मात्र लॉगआउट म्हणून कोणी करत नाही. लाईट गेली की उठून घरी, आली की सोडलं तिथून पुढे. तोवर सेशन, म्हणजे ते उघडं राहिलेलं काम, बिचारं सर्व्हरवर ताटकळत बसतं. अशी सेशनं साचून सर्व्हर मेटाकुटीला आला होता.

लॅब सांभाळणाऱ्या कुंदाबाई दारात उभ्या होत्या. त्यांची मुलगी भाविका उद्या परीक्षेला बसणार होती.

"सकायना पेपर व्हई जाई ना, भाऊ?"

होईल म्हणून तो भर दुपारच्या उकाड्यात एकेक जुनं सेशन बंद करू लागला. शेवटचं बटण दाबून किती वेळ झाला ते प्रत्येकापुढे दिसत होतं. बारा दिवस, चाळीस दिवस. एकापुढे मात्र शून्य सेकंद. नाव झुलाल सरांचं.

सर कुठे बसलेत, त्याने विचारलं. कुंदाबाईंनी पदर सावरला. गेल्या मे महिन्यात प्रॅक्टिकलचे गुण भरताना लाईट गेली, आली की येतो म्हणून सर निघाले आणि रस्त्यातच ऊन लागून गेले, असं त्यांनी सांगितलं.

कोणीतरी त्यांचा पासवर्ड वापरतंय, हितेंद्रने स्वतःची समजूत घातली. पण त्या सेशनला एकही खोकं जोडलेलं नव्हतं. त्याने समोरचं जोडलं.

पडद्यावर उद्याच्या प्रॅक्टिकलची गुणयादी होती. नावांपुढे गुण भरले जात होते, सावकाश, एका बोटाने टाइप केल्यासारखे. भाविकाच्या नावापुढे कर्सर थांबला. मग अक्षरं उमटली... गैरहजर.

हितेंद्र घाबरला. त्याने ते खोडून अठरा लिहिलं. अठरा पुसलं गेलं. त्याने सेशनच बंद केलं. पडदा काळा झाला, आणि क्षणात तीच यादी परत.

"कुंदाताई... भाविका कुठे आहे?"

"निंघनी शे घरथीन. तुम्हनाकरता डबा लई येई राहिनी."

"तिला फोन लावा. असेल तिथे थांब म्हणावं..."

पूर्ण रिंग गेली. त्यांनी पुन्हा लावला.

"गाडीवर शे ना ती," कुंदाबाई शांतपणे म्हणाल्या. "कशी उचली?"

यादी भरून झाली होती. तळाशी, परीक्षकाच्या जागी, एकेक अक्षर करत सरांचं नाव उमटत होतं.