हातातला फोन ठेवू नकोस

चंद्राच्या पोटातल्या वस्तीत फोन वाजला. केतकीने पहिल्याच घंटेला उचलला, आणि लगेच पलीकडून तो ठेवला गेला. आता फोन कुणाचा होता, हे कसं कळणार?

फोन शंभर नंबरवर आला होता, म्हणजे संकटाचा. समोर हवेच्या मुख्य टाकीचा काटा हळूहळू खाली सरकत होता. कुठल्या तरी खोलीतून हवा निसटत होती.

खडकातून रेडिओलहरी जात नाहीत. म्हणून केतकीच्या शास्त्रज्ञ आजोबांनी इथे जुन्या पद्धतीचं टेलिफोन एक्स्चेंज (सगळ्या फोनच्या तारा जिथे येऊन जुळतात ती खोली) उभारलं होतं.

टिपू हा यंत्रमानव म्हणाला, नोंद बघू. आजोबा म्हणाले, नोंद नाही. पूर्वी परगावच्या फोनची ऑपरेटर चिठ्ठी लिहायची. गावातल्या फोनला नुसता मीटर (फोन मोजणारं चाक) पुढे सरकायचा. संकटाचा फोन फुकट, त्याला मीटरही हलत नसे. हे एक्स्चेंजही तसंच होतं.

"मग रिसीव्हर ठेव," टिपू म्हणाला. "लाइन मोकळी झाली की ते परत फोन करतील."

केतकीचा हात खाली गेला.

"ठेवू नकोस," आजोबा म्हणाले. "या नंबरची लाइन फोन करणाऱ्याने ठेवली तरी तुटत नाही. आपण धरून आहोत तोवर ती जोडलेलीच राहते."

त्यांनी कपाटांकडे बोट दाखवलं. आत सिलेक्टर (नंबर फिरवला की वर चढून पुढची तार गाठणारे लोखंडी हात) होते. बाकी सगळे खाली पडलेले, आणि तीनच वर उभे. रिसीव्हर ठेवला असता तर तेही पडले असते.

"शेवटच्या हातापासून मागे मागे जा."

केतकीने रिसीव्हर टिपूला दिला. ठेवलास तर तुझी बॅटरी काढीन, अशी तंबीही दिली. मग तिसऱ्या हाताची तार धरून ती दुसऱ्यापाशी आली, तिथून पहिल्यापाशी, आणि शेवटी एका घराच्या तारेपाशी. तारेवर चिठ्ठी होती: अळिंबीची (मशरूमची) खोली. सुंदराकाकू तिथेच राहायच्या.

माणसं धावली. दार अडकलं होतं, ते पहारीने उघडलं. काकू भिंतीच्या चिरेवर कणकेचा गोळा दाबून उभ्या होत्या. ओठ निळे पडले होते.

काकूंचा श्वास नीट झाल्यावर आजोबांनी विचारलं, फोन का ठेवलात?

"एक हात कणकेवर होता, भाऊजी. मिस्ड कॉल दिला. म्हटलं, नंबर बघून तुम्हीच कराल."

आजोबांनी कपाळाला हात लावला. केतकी मात्र विचारात पडली होती. तार धरून शोधायला वेळ गेला होता. लाइन धरल्याबरोबर एक्स्चेंजमध्ये त्या घराच्या नावाचा दिवाच लागला तर? पलीकडच्या डोंगरात नवी वस्ती होणार होती, तिथेही ते चाललं असतं.

आजोबांनी तारेचं भेंडोळं तिच्यापुढे सरकवलं. पहिला दिवा तिने अळिंबीच्या खोलीचा जोडला. तो तपासायला काकूंनी फोन केला, दिवा लागला, आणि या वेळी काकू फोन ठेवायलाच तयार नव्हत्या.